डब्याला डबा भिडवणारे साळवे

साळवे माणसाकडे बघायचे ते थेट तोंडात. नाव, गाव, नवरा कुठल्या कंपनीत, व्हिसा कुणाचा, हे सगळं आपली माणसं परदेशात पहिल्या पाच मिनिटांत काढून घेतात. साळव्यांना त्यातलं काही नको असायचं. आम्ही बहारीनला, गुदैबियातल्या त्या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी मी लिफ्टमध्ये उभी, दोन्ही हातांत पिशव्या, घामानं निथळत. आणि शेजारी हे पिळदार मिशांचे, कडक इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. मराठी माणूस दिसतोय म्हणून मी सभ्यपणे हसले. तर म्हणतात कसे, "ताई, उजवीकडची वरची कॅप उंच बसलीय तुमची. तुम्ही डावीकडून जेवता."

मला असा संताप आला म्हणून सांगू! पुण्यातल्या चांगल्या डॉक्टरकडून बसवून घेतलेली कॅप, आणि हा कोण टिकोजीराव मला लिफ्टमध्ये सांगणार? पण संध्याकाळी जेवताना सहज लक्ष ठेवलं, तर खरंच मी डावीकडूनच चावत होते, आणि कधीपासून ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुकाट त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. त्यांनी मला त्यांच्या क्लिनिकातल्या डॉक्टरकडे धाडलं, डॉक्टरनं दोन मिनिटं घासघूस केली, आणि मी उजवीकडून जेवायला लागले. आमची ओळख झाली ती अशी.

दिनकर साळवे डॉक्टर नव्हते. दातांचे टेक्निशियन होते. मनामातल्या एका क्लिनिकच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या, कॅप, ब्रिज बनवणं हे त्यांचं काम. "डॉक्टर तोंडात काम करतो, मी टेबलावर करतो. त्याचा पेशंट ओरडतो, माझा ओरडत नाही," असं ते सांगायचे. नम्रपणा त्यांच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. आपल्यासारखी कवळी अख्ख्या आखातात कुणी बनवत नाही, हे ते त्या कवळीच्या मालकासमोरच जाहीर करायचे, आणि मालक तोंडभर हसून दाखवायचा, त्यामुळे वादाला जागाच उरायची नाही. भेटल्यावर ते जय भीम म्हणायचे, मी नमस्कार म्हणायचे. सहाएक महिन्यांनी मीही जय भीम म्हणायला लागले. तसं काही ठरवलं नव्हतं, आपोआप झालं.

साळव्यांना दोन वस्तूंमधलं रिकामं अंतर सहन होत नसे. हा त्यांचा धंद्यातून अंगात मुरलेला रोग. दातात दात बसला पाहिजे, तसं जगात सगळंच बसलं पाहिजे असा त्यांचा हट्ट. आमच्या घरी आले की आधी सोफा भिंतीला टेकवायचे, मग बसायचे. कपाटाचं दार, फ्रिजचं रबर, खिडकीची चौकट, जिथं जिथं फट दिसेल तिथं खिशातून एक व्हिजिटिंग कार्ड काढून ते सरकवून बघायचे. कार्ड आत गेलं नाही तर "पास". गेलं तर मान हलवून "खलास". आमचा फ्रिज त्यांनी नापास केला आणि स्वतःच येऊन त्याचं दार बसवून दिलं.

गाडी लावायचे तीही तशीच. शेजारच्या गाडीला इतकी चिकटवून, की शेजारच्याला पलीकडच्या दारानं घुसून, गिअरवरून ढांग टाकून आपल्या सीटवर जावं लागे. इमारतीच्या वॉचमननं एकदा हात जोडले. साळव्यांनी त्यालाच खाली वाकवून दोन आरशांमधलं अंतर किती सुरेख जमलंय ते दाखवलं. आणि जयंतीच्या कार्यक्रमाचा किस्सा तर आमच्याकडे अजून निघतो. हॉलमधल्या खुर्च्या मांडायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी रांगेतली खुर्ची खुर्चीला अशी भिडवली, आणि रांगेला रांग अशी टेकवली, की वक्ते मधे बसले होते त्यांना नाव पुकारल्यावर बाहेरच पडता येईना. शेवटी भले गृहस्थ बूट काढून, खुर्च्यांवर चढून स्टेजपर्यंत पोचले. लोक हसून हसून बेजार. साळवे मात्र गंभीर. म्हणाले, जागा मोकळी ठेवली की माणसं भाषणाच्या मधेच उठून जेवणाकडे जातात. आज एक तरी गेला का?

आता मूळ गोष्टीकडे येते. साळव्यांच्या घरी जेवायचं टेबल होतं, पण त्यावर कुणी जेवलेलं मी कधी पाहिलं नाही. त्यावर आगगाडी होती. खेळण्यातली म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "मॉडेल म्हणा," असं दटावायचे. निळे डबे, हातभर नाही पण वीतभर लांबीचे, खिडक्यांना गज, दारांना दांडे, सगळं हुबेहूब. ते मूळचे मनमाडचे. रुळांच्या कडेला घर, वडील रेल्वेच्या यार्डात. लहानपणी दिवसभर डबे जोडताना आणि तोडताना बघितलेले. आणि पोटासाठी येऊन पडले अशा देशात, जिथं रूळ म्हणून औषधाला नाही. मग काय करणार? टेबलावर टाकले.

संध्यावहिनी, त्यांच्या पत्नी, सलमानियाच्या इस्पितळात नर्स. ड्यूटीवरून दमून यायच्या आणि खाली चटई अंथरून आम्हाला जेवायला वाढायच्या. मी एकदा म्हटलं, वहिनी, तुम्ही चालवून कसं घेता हो? त्या म्हणाल्या, बाकीच्यांचे नवरे सुट्टीच्या दिवशी कुठं असतात ते शोधावं लागतं, माझा टेबलाखाली सापडतो.

गाडी आणण्यापर्यंत ठीक होतं. पण कंपनीच्या डब्यांमध्ये एक खोट होती, आणि ती नेमकी साळव्यांच्या डोळ्यांत खुपणारी. खऱ्या गाडीत डबा डब्याला लागून असतो. मधे ती काळी घडीची रबरी वाट असते, त्यातून आपण चालत पुढच्या डब्यात जातो. मॉडेलच्या डब्यांमध्ये मात्र चांगलं बोटभर अंतर. कारणही साधं आहे. टेबल केवढं, त्यावरचं वळण केवढं. इतक्या आवळ वळणावर डबे जवळ असले तर त्यांचे कोपरे एकमेकांना धडकतील, म्हणून कंपनी आधीच लांब लांब जोडते. लाखो लोकांना ते चालतं. साळव्यांना चालेना.

मी विचारलं, एवढं काय त्या बोटभर जागेचं? तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "ताई, ह्या गाडीत चहा आणायला निघालेला माणूस मधल्या मधे रुळावर पडून मेला असता."

मग त्यांनी जे काही केलं ते बघायला मी जवळजवळ रोज जायला लागले. ऑफिसातून आले की पर्स टाकायची आणि वर. माझा नवरा बँकेत, त्याला आकड्यांशिवाय कशात रस नाही. तो म्हणायचा, चालली बघा गार्डबाई. साळव्यांनी डब्यांचे मूळचे हुक कापून टाकले. प्रत्येक डब्याच्या पोटाखाली एक छोटी खाच बनवली, तिच्यात सरकणारी पट्टी, पट्टीला परत ओढणारी बारीक तार. सरळ रुळावर तार पट्टीला आत ओढून धरणार आणि डबे एकमेकांना भिडणार. वळण आलं की पट्टी आपोआप बाहेर सरकणार, कोपऱ्यांना वळायला जागा मिळणार. वळण संपलं की पुन्हा आत. आणि हे सगळं कशाचं? तर वाकडे दात सरळ करायला बांधतात त्या तारेचं, आणि कवळीची हिरडी बनवतात त्या मसाल्याचं. त्यामुळे झालं असं, की वरून अगदी खरा निळा डबा, आणि उलटा केला की पोटाशी गुलाबी हिरडी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसता हसता खाली बसले. त्यांना काही फरक पडला नाही. "ह्याच्यापेक्षा भक्कम वस्तू नाही. माणसं ह्याच्यावर चिक्की खातात."

ज्या दिवशी निळी गाडी टेबलावरून पहिल्यांदा सलग धावली तो दिवस मी विसरणार नाही. एकच लांब निळी वस्तू वाहत गेल्यासारखी गेली. वळणावर हळूच उघडली, परत मिटली. मला, जिला आगगाडीतलं ओ की ठो कळत नाही तिला, अंगावर काटा आला. साळवे व्हिजिटिंग कार्ड घेऊन टेबलाभोवती गाडीच्या मागे पळत होते आणि मधल्या फटीत घालून बघत होते.

ह्यानंतर आले बू यूसुफ. हे मुहर्रकचे बहारीनी गृहस्थ, सत्तरीचे, पांढराशुभ्र पायघोळ थोब, हातात माळ. त्यांची कवळी साळव्यांनी बनवली होती आणि ते ती पुन्हा पुन्हा परत पाठवत होते. एक दिवस भांडायला स्वतःच मागच्या खोलीत घुसले. तरुणपणी धंद्यासाठी मुंबईला राहिल्यामुळे त्यांना हिंदी उत्तम येत होतं, त्यामुळे भांडणही उत्तम होणार होतं. पण साळव्यांच्या टेबलावर, कवळ्या तपासायच्या जबड्याच्या यंत्रात, एक निळा डबा उलटा अडकवून ठेवला होता. बू यूसुफनी तो बघितला. बोटानं ती गुलाबी पट्टी सरकवली, सोडली, परत सरकवली. कवळीचं राहिलं बाजूला. त्यांनी साळव्यांना दोन्ही खांद्यांना धरलं आणि म्हणाले, यल्ला, मेरे घर चलो.

त्यांच्या घरी मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या, मागे एक मोठी खोली होती. साळव्यांनी पहिल्या भेटीनंतर मला जे वर्णन केलं त्यावर माझा विश्वास बसला नाही, म्हणून दुसऱ्या खेपेला मला बरोबर नेलं. त्यांना प्रेक्षक लागायचाच. बाहेर अंगाची लाही लाही होतेय, आणि त्या खोलीत तीन भिंतींना लागून मांडलेल्या टेबलांवर डोंगर, डोंगरावर बर्फ, खाली नदी, पूल, बोगदा, चिमुकलं स्टेशन, फलाटावर कोट घातलेली माणसं. ज्या देशात एकही गाडी धावत नाही त्या देशात मुहर्रकच्या एका गल्लीत हे असलं काही असेल असं कुणाला वाटेल? हे सगळं बू यूसुफच्या धाकट्या भावानं, जासिमनं केलेलं. तो जर्मनीत शिकायला होता, तिथून हे खूळ घेऊन आला आणि जन्मभर वाढवत राहिला. दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्याचे तांबड्या रंगाचे नऊ डबे होते, जुन्या घडणीचे, आता कुठंच मिळत नाहीत असे.

बू यूसुफनी आम्हाला जासिमनं काढलेले फोटो दाखवले. सगळ्या फोटोंत गाडी समोरून, तिरकी. बाजूनं एकही नाही. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, बाजूनं काढला की डब्यांमधली भगदाडं दिसायची, ते त्याला बघवायचं नाही. पण कापायचीही हिंमत झाली नाही. साळवे हे ऐकत होते आणि त्यांचा चेहरा मी बघत होते. ज्या माणसाला ते कधी भेटले नव्हते तो त्यांना तिथं भेटला.

जासिमची मुलगी मरियम परदेशात असते. वडील गेल्यानंतर ती पहिल्यांदा येणार होती, आणि शुक्रवारच्या जेवणानंतर तिला गाडी बघायची होती. वडिलांची गाडी तिच्यासमोर अखंड धावली पाहिजे, एवढीच बू यूसुफची इच्छा होती. त्यांनी डबे मऊ कापडात गुंडाळून साळव्यांच्या हातात दिले आणि सांगितलं, आधी एक करून बघ. साळव्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, इंशाल्ला, शुक्रवारी मधे कागद जाणार नाही.

आणि एक करून बघायचं सोडून त्यांनी नऊच्या नऊ डबे कापले. मी म्हटलं, अहो, ते एक म्हणाले होते ना? तर म्हणाले, माझ्या टेबलावर जी गाडी चालते ती कुठंही चालते. हा त्यांचा स्वभाव. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

मंगळवारी आम्ही गाडी घेऊन मुहर्रकला गेलो. तांबडे डबे रुळावर लागले तेव्हा काय दिसत होते ते! मधे काळ्या रबरी घड्या, डब्याला डबा गच्च. बू यूसुफनी स्वतः बटण फिरवलं. गाडी स्टेशनातून निघाली, पुलावरून गेली, बोगद्यात शिरली. बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी रूळ आधी डावीकडे वळत होता आणि लगेच उजवीकडे. इंजिन बाहेर आलं, पहिला डबा आला, दुसरा आला. तिसऱ्याचा कोपरा दुसऱ्यात अडकला, तो उचलला गेला, आणि त्याच्या मागचे दोन घेऊन डोंगरावरून कलंडला. बू यूसुफनी दोन्ही हात पुढे केले म्हणून डबे फरशीवर पडले नाहीत, त्यांच्या ओंजळीत पडले.

बू यूसुफनी डबे एकेक करून फलाटाशेजारी आडवे ठेवले, त्यांवरून अंगठा फिरवला. "मफी मुश्किल, कोई बात नहीं," म्हणाले. पण त्यांचा आवाज ऐकून मला रडू आलं. मूळचे हुक कापून कचऱ्यात गेले होते. आता डबे ना जुन्यासारखे जोडता येत होते, ना नव्यासारखे धावत होते. मरियमला दाखवायला राहिली होती ती फक्त कलंडलेली गाडी.

परतताना समुद्रावरच्या पुलावरून साळव्यांची मोटार मी चालवली. साळवे शेजारी, हातात ते डब्यांचं रिकामं कापड. त्यांच्या घरच्या टेबलावर रूळ एकच लंबगोल होता, वळण कायम एकाच दिशेनं. उलटसुलट वळण त्यांनी कधी लावूनच पाहिलं नव्हतं. ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण त्यांना कळलं होतं. त्या दिवशी त्यांनी मला आपली गाडी नीट दोन पट्ट्यांच्या मधोमध लावू दिली. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

बुधवारी मी ऑफिसातून थेट वर गेले. वहिनी चटईवर ताटं मांडत होत्या. साळवे समोर भाकरी ठेवून बसलेले, हात कोरडा. बारा वाजले होते चेहऱ्यावर. म्हणत होते, सरळ रुळावर बघितलं, बसतंय. वळणावर बघितलं, बसतंय. मिटवून तपासलं, उघडून तपासलं, पण उलटसुलट वळणावर नेमकं कुठं अडतंय ते कसं शोधू? वहिनी ड्यूटीवरून आलेल्या, भुकेलेल्या. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि वैतागून म्हणाल्या, "अहो, कवळी देताना पेशंटला नुसतं तोंड मिटायला-उघडायला सांगता का? चावायला नाही सांगत?"

साळवे उठले ते ताट ओलांडून. माणूस चावतो तेव्हा खालचा जबडा नुसता वरखाली होत नाही, बाजूलाही सरकतो, आधी इकडे, मग तिकडे. कवळी बसवताना डॉक्टर दातांमध्ये निळा कागद ठेवून पेशंटला चावायला लावतात. जिथं दात नको तितका घासतो तिथं निळा डाग उमटतो, तेवढंच घासून काढायचं. आयुष्यभर रोज यंत्रातल्या जबड्यावर हेच करणारा माणूस डब्यांच्या बाबतीत ते विसरला होता. पायात एक चप्पल एक बूट घालून ते क्लिनिककडे निघाले. मी मागे धावले, गाडीची किल्ली माझ्याकडे होती.

गुरुवारी दुपारी आम्ही तिघं त्या बर्फाच्या डोंगरासमोर वाकून उभे होतो. काय मजा आली म्हणून सांगू! मी डबे हातानं ढकलायचे, अगदी हळू. बू यूसुफ थोबच्या बाह्या वर करून दोन डब्यांच्या मधे निळा कागद धरायचे. साळवे भिंग डोळ्याला लावून हुकूम सोडायचे. चावू द्या. आता बाजूला चावू द्या. थांबा. डबे काढायचे, कोपऱ्यावर निळा ठिपका, ड्रिलनं तेवढाच घासायचा, पोटाखालची खाच चिमूटभर रुंद करायची, की पुन्हा रुळावर. बू यूसुफची बोटं निळी झाली, थोबला निळे ठिपके लागले, वेलचीच्या कॉफीचा गहवा थंड झाला, कुणाला शुद्ध नव्हती. मधेच ते मला म्हणाले, ह्यानं माझ्या कवळीवर एवढी मेहनत केली असती तर मी कशाला भांडलो असतो? साळवे भिंगातून वर न बघता म्हणाले, तुमची कवळी पहिल्या दिवसापासून बरोबर आहे, तुम्ही जेवताना बोलता. दोघंही इतके हसले की डोंगर हलला.

संध्याकाळी डबे दोन-दोन, तीन-तीन जोडून त्या वळणातून हातानं नेऊन पाहिले. गेले. पण नऊ जोडून, इंजिन लावून चालवायला साळव्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, आज चालवली आणि परत पडली तर उद्याचा दिवस उजाडू द्यायची माझी हिंमत नाही. साळव्यांच्या तोंडी हिंमत नाही हे शब्द! मी आणि बू यूसुफनी एकमेकांकडे बघितलं.

शुक्रवारी मछबूसचं, म्हणजे त्यांच्याकडच्या मटणाच्या मसालेभाताचं, जेवण झालं. संध्यावहिनीही आल्या होत्या, सुटी टाकून. मरियम शांत होती, जेवलीही थोडंच. ती मागच्या खोलीत आली आणि दाराशीच थांबली. फलाटावरच्या एका चिमुकल्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाली, हा मी शाळेत असताना रंगवला होता. बू यूसुफनी बटण तिच्याच हातात दिलं. मला वाटलं साळवे आता पुढे होतील, सगळ्यांना भाषण ऐकवतील, गुलाबी हिरडी दाखवतील. तर ते कुठं दिसेनात.

गाडी निघाली. पुलावरून गेली तेव्हा मरियमनं तोंडावर हात ठेवला. मग बोगदा. मी वळून बघितलं तर साळवे दाराजवळच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभे, दोन्ही तळवे भिंतीवर टेकलेले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत ते फायनल एक्झिट घेऊन कायमचे नाशिकला गेले. विमानतळावर सोडायला मीच गेले होते, तरी साळवे म्हटलं की मला ते मिशांना पीळ देत हात हलवणारे साळवे आठवत नाहीत. मला आठवते ती ही कडक इस्त्रीची, घामानं भिजलेली पाठ.

बोगद्यात गाडीचा आवाज घुमत होता. इंजिन बाहेर आलं. पहिला डबा डावीकडे वळला, उजवीकडे वळला. दुसरा आला. तिसरा आला. वहिनींनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

"आली गाडी," मी म्हटलं. "साळवेभाऊ, वळा, आली."

ते वळले नाहीत. भिंतीलाच म्हणाले, "इंजिन बघून कळत नाही, ताई. आमच्या मनमाडला गाडी अख्खी आली की नाही ते मागून बघतात. शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसला का सांगा."

मी बोगद्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तांबडे डबे एकातून एक निघाल्यासारखे येत होते, वळत होते, मिटत होते, आणि मरियम त्यांच्या बरोबरीनं टेबलाच्या कडेकडेनं चालायला लागली होती. डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला धड दिसेना. मग तो आला, मुगाएवढा, लाल.

"दिसला," मी म्हटलं.

साळव्यांनी भिंतीवर कपाळ टेकवलं आणि तसेच उभे राहिले. मरियम थांबेना, बटण तिच्याच हातात होतं, गाडी दुसऱ्या फेरीला लागली होती. तेव्हा कुठं ते वळले.